माइकची उंची

स्क्रू सैल करून कंपाउंडरबाईंनी माइक वीतभर खाली घेतला. तो हनुवटीशी आल्यावर स्क्रू पुन्हा जोर लावून पिळला. "हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन." सव्वीस वर्षांत या माइकवर त्या एवढंच बोलल्या होत्या. पण आज सभागृह रिकामं असूनही त्यांना घाम फुटला.

मंडळ देव न मानणाऱ्यांचं. अध्यक्ष होते ते सर महिन्यापूर्वी वारले, आणि आज नवा अध्यक्ष निवडायचा होता. बाई चिटणीस. दवाखान्यात डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावण्यात जन्म गेलेला, म्हणून सरांच्या भाषणांची टिपणं आपसूक त्यांच्याकडे आली. आधी त्या नुसत्या उतरवून काढायच्या. मग टिपणं आखडत गेली. शेवटी शेवटी सर चिठ्ठीवर 'मृत्यू' किंवा 'शिक्षण' एवढंच लिहायचे आणि भाषण बाई लिहायच्या. टाळ्या सरांना पडायच्या. बाईंना त्याचं वाईट वाटायचं, पण आपलीही पाळी येईल असं त्या स्वतःला बजावायच्या.

सकाळीच अक्काचा फोन आला होता. ही थोरली बहीण अजून वडिलांच्या प्रार्थनाघरात जाते. चाळीस वर्षं तिथल्या मुलांना प्रार्थना शिकवते, पण धर्मगुरूंच्या ओट्यावर उभं राहून बोलायची तिला मुभा नाही. ओटा पुसायला मात्र ती चालते. त्याच ओट्यावरून भांडून बाई विशीत घराबाहेर पडल्या होत्या.

"आज तुलाच करतील ना गं?" अक्काने विचारलं.

"दुसरं आहे कोण?"

"आमच्याकडे देवाचं नाव सांगून खाली बसवतात. तुमच्याकडे तर देवच नाही. बिचारे नाव तरी कुणाचं सांगणार?" अक्का खो खो हसली, आणि बाईही हसल्या.

सभा भरली. उपाध्यक्ष उठले. "हे बघा, उगाच घोळ नको. चार लोकांसमोर उभा राहील असा वजनदार माणूस हवा. मी इंजिनियरसाहेबांचं नाव सुचवतो."

इंजिनियर दोनच वर्षांपूर्वी मंडळात आलेले. उंचपुरे, आवाज खणखणीत. माणूस वाईट नव्हता.

"आणि आपल्या बाई?" मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, बाई म्हणजे मंडळाची आई! आईच्या डोक्याला कशाला हा व्याप? काय हो बाई?"

सगळे मायेने हसले. त्या मायेनेच बाईंची जीभ अडली. दुसऱ्याच्या तोंडी इतकी वर्षं भाषणं घातली, पण 'मला व्हायचंय' एवढं काही ओठांवर येईना.

"तसं नाही, पण..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"चला, हात वर करा. बाई, मोजा."

बाईंनी मोजले. एकोणीस. त्यांच्या एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन. त्यांचा हात वर नव्हता हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

इंजिनियर माइकपाशी गेले आणि कमरेत वाकले. "हा कुणासाठी लावलाय हो?" सभागृहात हशा पिकला. "बाई, जरा वर घेता का? आणि पुढच्या वेळेपासून मलाही लिहून देत जा, सरांना द्यायचात तसं."

बाई उठल्या. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजू लागला. अक्काच असणार. कुणाचं नाव सांगितलं म्हणून विचारील. देवाशी बाई भांडल्या होत्या, त्याचं घर सोडून आल्या होत्या. आईच्या नावाशी कसं भांडायचं, हे त्यांना कळेना. त्यांनी फोन बंद केला.

मघाशी पिळलेला स्क्रू काही केल्या हलेना. रुमालात धरून त्यांनी तो फिरवला. माइक हनुवटीवरून कपाळाशी, मग कपाळाच्याही वर गेला. टाचा उंचावून बाईंनी स्क्रू घट्ट केला. आता 'हॅलो' म्हणायला तोंड तिथवर पोचत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटानेच टकटक करून पाहिलं. आवाज नीट येत होता.