देवापुढची अमेरिकन चिल्लर

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या नाणेसंग्राहक मंडळात चहा सगळ्यांत तरुण सभासदाने करायचा, असा रिवाज होता. अजय सभासद झाला तेव्हा सगळ्यांत तरुण तोच होता, आणि त्यानंतर मंडळात जे जे आले ते त्याच्या आधीच जन्मलेले निघाले. त्यामुळे दिवसा कॉम्प्युटर कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा हा गडी महिन्यातल्या एका शनिवारी चर्च हॉलच्या किचनमध्ये किटलीसमोर उभा असायचा. बाहेर रोमन नाण्यांवर हाणामारीची चर्चा चालायची आणि त्याला ऐकू यायचं फक्त "साखर दोन!"

१९९१च्या मे महिन्यात मात्र तो ट्रे घेऊन बाहेर आला आणि तिथेच उभा राहून बोलून बसला.

"पंचवीस सेंटचा अमेरिकन क्वार्टर कुठे फिरतोय, ते त्याच्यावरच्या अक्षरावरून कळतं. रोजची नाणी पाडणाऱ्या दोनच टांकसाळी आहेत. फिलाडेल्फियाचा P, डेन्व्हरचा D. पूर्वेला P जास्त सापडणार, पश्चिमेला D."

अध्यक्ष मिस्टर प्रिंगल यांनी बिस्किट चहात बुडवलं. "माणसं विमानाने फिरतात, नाणी त्यांच्या खिशातून फिरतात. आठवड्याभरात सगळी खिचडी." (ते 'सूप' म्हणाले होते. पण अजयच्या डोक्यात खिचडीच शिजली.)

"माझ्याकडे पूर्वेकडची, न्यूजर्सीची मूठभर आहेत. काकांनी पाठवलीत. जवळजवळ सगळी P!"

"मग पुढच्या सभेला पश्चिमेची आण. तू म्हणतोस तसं निघालं, तर इथून पुढे चहा मी करीन. नाही निघालं, तर तू. पेन्शन मिळेपर्यंत."

टाळ्या पडल्या. चहा गार झाला.

आता ब्रॅकनेलमध्ये बसून पश्चिम अमेरिकेची चिल्लर आणायची कुठून? पण जूनच्या सभेच्या दिवशी, अगदी सकाळी, लंडनजवळच्या इल्फर्डहून मावसबहीण मीनलचा फोन आला. ऑफिसच्या कामासाठी ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलला गेली होती, आदल्या रात्रीच परतली होती. जाताना अजयने तिला चिल्लर आणायला सांगून ठेवलं होतं.

"आणलेत तुझे कॉइन्स. खूप आहेत. ये आणि घेऊन जा. मम्मीनी सत्यनारायण ठेवलाय, सो जेवूनच जा."

अजय ट्रेनमध्ये बसला तो उभाच. म्हणजे सीट होती, पण बसवेना.

तो पोचला तेव्हा कथा नुकती संपली होती. सुलक्षणामावशीने पूजा झकास मांडली होती. केळीचे खांब न मिळाल्यामुळे चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना टेस्को सुपरमार्केटातले लांबलचक लीक, म्हणजे जाडजूड विलायती कांद्याची पात, बांधले होते. देवाने काही तक्रार केलेली दिसत नव्हती.

"मीनल, नाणी?"

"दॅट्स द थिंग," मीनल म्हणाली. "माझी पर्स मम्मीनी उघडली."

तिने हनुवटीने चौरंगाकडे दाखवलं. देवापुढे विड्याची पानं मांडली होती, पानांवर सुपाऱ्या, आणि प्रत्येक सुपारीशेजारी चकचकीत अमेरिकन क्वार्टर.

"मावशी! ही नाणी का ठेवलीस?"

"दुकानात चालत नाहीत, बँक घेत नाही," मावशी म्हणाली. "देवाचं तसं नसतं. त्याला सगळ्या देशांचं चालतं."

"मी घेऊ?"

"हात लावशील तर बघ! संध्याकाळभर लोक दर्शनाला यायचेत. उत्तरपूजा उद्या सकाळी. तोवर तिथलं काहीही हलायचं नाही."

सभा संध्याकाळी सातला होती.

हात लावायचा नाही, पण बघायला कोण अडवतंय? अजयने चौरंगापुढे साष्टांग नमस्कार घातला आणि खिशातून भिंग काढलं. नाण्यावर गरुड दिसला. अक्षर असतं दुसऱ्या बाजूला, वॉशिंग्टनच्या मानेमागे. तो उठला, डावीकडून दुसरा नमस्कार घातला. गरुड. उजवीकडून तिसरा. गरुडच. झाडून सगळी नाणी पालथी!

"आशीर्वाद मागतोय बिचारा," मावशीने डोळ्यांना पदर लावला. "ताईला फोन करून सांगायलाच हवं. इंग्लंडात राहून पोरगा एवढा भाविक!"

"मावशी, सगळी पालथी का घातलीस गं?"

"मग? देवासमोर परक्या पुरुषांची तोंडं कशाला?"

चौथ्या नमस्काराला त्याच्या शेजारी कुणीतरी गुडघे टेकले. करमरकर गुरुजी. आठवडाभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इंजिनिअर आणि शनिवार-रविवार गुरुजी. सोवळ्यावर मनगटात कॅसिओचं घड्याळ.

"भिंगातून देव मोठा दिसतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

अजयने लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने पडल्या पडल्याच सगळं सांगितलं: दोन टांकसाळी, P, D, प्रिंगल, चहा. ऐकता ऐकता गुरुजींचे डोळे विस्फारत गेले.

"अरे, म्हणजे नाण्यांचे एरिया कोड!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की शिऱ्याचा डाव मावशीच्या हातून पडला. "अहो सुलक्षणाबाई, कोड बघून मी सांगतो फोन ब्रिस्टलचा की ब्रॅकनेलचा. तसंच आहे हे!"

"असेल. पण उत्तरपूजा उद्या."

"उत्तरपूजा कशाला लागते? विडा देवाला अर्पण केला की नाही?"

"केला."

"नैवेद्यानंतर देवाने तो खाल्ला की नाही?"

मावशीला नाही म्हणता येईना. सकाळपासूनची पूजा मग केली कशासाठी?

"मग आता तो प्रसाद झाला. कलश हलणार नाही, देव हलणार नाही. प्रसाद उचलायला परवानगी कुणाची?"

"आणि लोक येतील ते काय बघतील?"

"हलला नाही तो देव बघतील."

मावशीने तोंड फिरवलं. ही परवानगीच होती. गुरुजींनी पहिलं नाणं उचललं, सोवळ्याला पुसलं आणि उलटं केलं. अजयने भिंग धरलं. मीनलचा श्वास त्याच्या कानाशी.

"D!" अजय किंचाळला.

"दुसरं घ्या!"

"D!"

"अहो थांबा की," म्हणत मावशी स्वतःच तिसऱ्या पानावर झुकली. "हे काय आहे रे? पोट पुढे आलंय याचं. D च ना हे?"

"D, मावशी, D!"

मग चौरंगाभोवती जे काही झालं त्याला पूजा म्हणायची की लिलाव, हे सांगणं अवघड आहे. आरतीचं तबक दिवा म्हणून जवळ ओढण्यात आलं. "D!" "माझंपण D!" "आता माझी पाळी!" शेजारची गुजराती बाई दर्शनाला आली, तिने भक्तांचा हा गजर ऐकला आणि दारातच हात जोडून "डी, डी" म्हणू लागली.

मग शेवटच्या पानावरचं नाणं उलटलं.

P.

"हे कुठून आलं?" अजयने भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"मला काय माहीत?" मीनल म्हणाली. "एअरपोर्टवर कुणीतरी चेंज दिला असेल."

"हे इथेच राहू दे," मावशी म्हणाली. "कुणाला कळतंय?"

अजयला मोह झाला. क्षणभर त्याला पेन्शनपर्यंतच्या सगळ्या किटल्या एका ओळीत दिसल्या. मग त्याने ते P इतरांमध्ये टाकलं. "सत्यनारायणाच्या पूजेतलं आहे. लपवून कसं चालेल?"

"ही माझी दक्षिणा आहे," गुरुजी म्हणाले. "जाईल तिथे मी जाणार." आणि ते सोवळं बदलायला गेले.

गुरुजींची व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा लंडनभोवतीच्या एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर शक्य तितकी पळाली. सातच्या ठोक्याला प्रिंगलसाहेबांच्या टेबलावर एकीकडे न्यूजर्सी मांडली गेली, दुसरीकडे सिअ‍ॅटल. एकीकडे जवळजवळ सगळी P, दुसरीकडे D वर D वर D. हॉलमधले म्हातारे खुर्च्या सोडून टेबलाला चिकटले.

प्रिंगलनी बराच वेळ निरखून पाहिलं. "हे तांबडं काय? गंज?"

"कुंकू," अजय म्हणाला.

"आणि हे?" त्यांनी विजयी मुद्रेने एक बोट टेकवलं. "सिअ‍ॅटलमध्ये P!"

मागून गुरुजी पुढे झाले.

"साहेब, मी टेलिफोनवाला आहे," ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला कधी राँग नंबर येतो का?"

"येतो."

"मग तुम्ही काय करता? एरिया कोड रद्द करता?"

हॉलमध्ये आधी एक म्हातारा हसला, मग दुसरा, मग सगळे. प्रिंगल मात्र हसले नाहीत. ते पुन्हा एकदा दोन्ही ढिगांवरून नजर फिरवून सावकाश उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि किचनकडे निघाले. दारात थांबून त्यांनी अजयकडे बघितलं. अजय सभासद झाल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच, एक विद्वान दुसऱ्याकडे बघतो तसं.

"आता अगदी सावकाश सांग," ते म्हणाले. "दूध आधी की पाणी?"