खिशातला एक दिवस

“डावीकडून थोडं आत घ्या,” कार्ड हातात फिरवत मॅडम म्हणाल्या. “आणि हा कागद फार गुळगुळीत आहे. हातातून निसटतो.”

मिलिमीटरने मान डोलावली. कागद त्यानेच निवडला होता आणि तो गुळगुळीत मुळीच नव्हता, पण सकाळी सकाळी वाद कोण घालणार? एजन्सीत चौदा वर्षं काढलेल्या या माणसाला खरं नाव होतं. पण पट्टी लावून बघितल्याशिवाय तो कशालाच ‘ठीक’ म्हणत नसे, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

जगाच्या जाहिराती दिमाखात करणाऱ्या या एजन्सीला स्वतःची नवी व्हिजिटिंग कार्डं मात्र वर्षभर जमत नव्हती. गिऱ्हाईक एक असलं तर निभावून नेता येतं. इथे आठ जण, आणि आठही जण डिझाइनमधले दीडशहाणे. तीन नमुने नापास झाले होते. चौथा मिलिमीटरचा होता. शुक्रवारपर्यंत सगळ्यांचा होकार आला नाही तर काम बाहेर द्यायचं, असं मॅडमनी जाहीर करून टाकलं होतं. कित्येक वर्षं तो दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढत बसला होता. एकदा तरी स्वतःचं काहीतरी छापून यावं, असं त्याला फार वाटत होतं. इतकं, की बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं.

एजन्सीचा एक जुना रिवाज होता. छापण्याआधी हाताने कापलेलं नमुन्याचं कार्ड ज्याचं त्याने दिवसभर खिशात बाळगायचं. कोपरे दुमडतात का, शाई फिसकटते का, चारचौघांत बाहेर काढताना संकोच वाटतो का, हे एका दिवसात कळतं. गुरुवार हा तो दिवस होता.

अडचण एकच होती. कुणाला ‘सिनियर’ म्हणायचं आणि कुणाला ‘हेड’, यावरून अजून धुसफुस चालू होती. नावाखालची ओळ रिकामी ठेवली तर डिझाइनचा अंदाज यायचा कसा? म्हणून बुधवारी संध्याकाळी मिलिमीटरने तिथे मनात आलं ते भरलं. म्हणजे, खरं होतं ते भरलं. जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या मुलीच्या कार्डावर: ‘लिहिते कमी, खोडते जास्त’. क्लायंट सांभाळणाऱ्या गोडबोल्याच्या कार्डावर: ‘आधी हो म्हणतो, मग आम्हाला विचारतो’. मॅडमच्या कार्डावर: ‘आधी नाही म्हणतात, तासाभराने हो’. एकटाच खुदखुदत त्याने आठ कार्डं कापली. सकाळी वाचून लोक हसतील, मग छपाईआधी खरी पदं टाकू, असा त्याचा हिशेब होता.

पण कुणी वाचलंच नाही. मॅडमना फक्त डावीकडचा समास दिसला, गोडबोल्याने कार्ड उजेडात धरून रंगाचं कौतुक केलं, आणि जिचं पोट शब्दांवर चालतं ती मुलगी म्हणाली, “काका, अक्षर किती गोड निवडलंत.” सगळ्यांनी कार्डं खिशात टाकली. आता आपण होऊन सांगायचं तरी कसं, या विचारात मिलिमीटरची दुपार झाली.

तीन वाजता मॅडमचा फोन वाजला. पलीकडे गाद्यांचे कारखानदार होते, एजन्सीचे सगळ्यात मोठे क्लायंट. जुनी कार्डं संपली म्हणून गोडबोल्याने जेवताना त्यांना खिशातलं नवीन कार्ड दिलं होतं. फोन ठेवून मॅडमनी पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं, चष्मा चढवला आणि वाचलं. ते बघून इतरांनीही आपापलं काढलं. चौथा नमुनाही गेला, मिलिमीटरच्या मनात आलं.

“हे काय आहे?” मॅडमनी त्याला विचारलं.

“ओळीची लांबी बघायला... तात्पुरतं भरलं होतं.”

“सकाळपासून मी हे घेऊन फिरतेय. बँकेत जाऊन आले.”

“साहेब काय म्हणाले?” गोडबोल्याने घाबरत विचारलं.

“म्हणाले, आठ महिने हेच मी तुमच्या माणसाला सांगायला बघत होतो, तुम्ही छापूनच दिलंत. उद्या येतायत. बाकीच्यांची कार्डं वाचायला.”

पहिल्यांदा ती मुलगी फिसकन हसली. मग गोडबोल्या हसला आणि मग कुणाला आवरेना.

“मॅडम, असंच छापू या ना,” मुलगी म्हणाली.

“नाही.” मॅडम केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. सगळ्यांचा एक डोळा घड्याळावर होता. चार वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं.

“छापा. माझं सोडून.” मॅडम आत वळल्या आणि पुन्हा मागे फिरल्या. “बरं, माझंही छापा. आणि तुमचं कुठे आहे?”

“माझं कशाला?” मिलिमीटर म्हणाला. “मी कुणाला भेटतो?”

“इथे नऊ माणसं काम करतात. मला मोजता येतं.”

त्याच्या नावाखालची ओळ त्याला लिहू दिली नाही. मुलीने दोन दिवस लिहून लिहून खोडलं, बाकीचे तिच्या खुर्चीमागे उभे राहून सूचना करत राहिले, आणि मिलिमीटर जवळ आला की तिच्या स्क्रीनवर अचानक भलतंच काहीतरी उघडायचं.

पुढच्या आठवड्यात छापखान्यातून कार्डं आली. मिलिमीटर त्या दिवशी वेळेवर घरी गेला. बायको मटार सोलत होती. कार्ड कसं द्यायचं असतं हे त्याने इतरांना शेकडो वेळा सांगितलं होतं, स्वतः कधी कुणाला दिलं नव्हतं. त्याने ते नुसतंच तिच्यापुढे धरलं.

“हे घे.”

तिने हात पुसले, कार्ड घेतलं आणि खिडकीशी जाऊन मोठ्याने वाचलं. आधी त्याचं नाव. मग खालची ओळ: “यांचा हात फिरल्याशिवाय इथून काहीच बाहेर जात नाही.”

“केलंय कुणी?”

“डिझाइन माझं. ओळ ऑफिसातल्यांची.”

तिने ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग दुसरा हात पुढे केला.

“अजून एक द्या.”

“कशाला?”

“ताईला द्यायला. हे मी नाही देणार कुणाला.”