कडूबाईच्या न्हाणीच्या विटा

न्हाणीसाठी आणलेल्या विटा लिंबाजीनं एका दुपारीत लिंबाच्या झाडाखाली लावून टाकल्या. चारी बाजूंनी दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वर गोणपाटाचं झाकण. परभणीच्या शेतकरी मेळाव्यात त्यानं असा भाजीचा गारवा पाहिला होता. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवली की आत वांगी-टमाटे टवटवीत राहतात. वीज लागत नाही, आणि माणूसही फारसा लागत नाही. हा शेवटचा मुद्दा त्याला विशेष पटला.

त्याच्या बायकोला, कडूबाईला, काहीच पटलं नाही. "माझ्या न्हाणीत वांगी बसनार, आन् मी लुगड्याच्या आडोशाला?"

"मानवतच्या बाजारापर्यंत भाजी टिकली तर गारवा ऱ्हाईल. सुकली तर इटा तुझ्या."

माल आत गेला आणि लिंबाजी भाच्याच्या हळदीला जिंतूरला गेला. वाळू भिजवायला कुणाला तरी सांगायला हवं होतं, हे त्याला लग्नाच्या पंगतीत, दुसऱ्यांदा बुंदी घेताना आठवलं. ऊन असं, की मांडवातले वऱ्हाडीसुद्धा सुकायला लागले होते. फोन करावा, तर उचलणार कडूबाई. त्यानं बुंदी संपवली, टाकणं बरं दिसलं नसतं, आणि यष्टी गाठली.

घरी येऊन बघतो तर वाळू चिंब. भिंतीला कुंकू, वर जास्वंद. शेजारची म्हातारी मनकर्णाबाई कळशी रिकामी करत होती.

"मावशी, काय करायलीस?"

"देवाला पानी घालायलेय. लिंबाखाली बसिवलास, आन् पान्याची सोय न्हाई? सगळ्या बाया घालायल्यात, दोन्ही टाइम."

म्हातारी गेल्यावर लिंबाजीनं गोणपाट उचललं. वांगी चकाकत होती. कडूबाई टोपल्या घेऊन आलीच.

"कुंकू कुनी लावलं गं?"

"मी. तुमी इसरनार, ठाव हुतं मला. आड लांब. इटांसाठी कोन कळशी उचलतंय?"

"म्हंजी भाजी टिकली. तू हारलीस."

"हारले की. आता गारवा मोडायची तुमची तरी छाती हाय का? मनकर्णामावशी समदी आळी गोळा करतील." तिनं एक वांगं दाबून पाहिलं. चांगलं टणक होतं. "तवा ह्या भाजीच्या पैशातून माझ्या न्हाणीला नव्या इटा आना."

बाजारातून येताना टेम्पोत रिकाम्या टोपल्या होत्या आणि विटा होत्या. विटांवर लिंबाजी बसला होता, आणि शेजारी कडूबाई भजी खात होती. दोन तिनं त्यालाही दिली.

न्हाणी बांधताना लिंबाजीनं एकच काळजी घेतली. झाडापासून लांब बांधली.