भरल्या पोटी

सुनेने मान वेळीच वळवली म्हणून कप कपाळाऐवजी भिंतीवर फुटला. मागोमाग आलेली थप्पड मात्र तिला चुकवता आली नाही. ती ओट्यावर आदळली. मुलगा घामाने निथळत तिच्या अंगावर ओरडत राहिला. कारण काय, तर चहा गार होता.

"अरे, बस आधी! पाणी पी," म्हातारी मध्ये पडली. "पोटात अन्नाचा कण नाही आणि एवढा धावून आलास. डोकं फिरणारच!"

मुलगा बॉक्सिंग शिकवायचा. उपाशी पोटी पळालं की ठोसा तिखट होतो, असं तो पोरांना सांगायचा आणि स्वतःही पाळायचा. उठला की पाणीसुद्धा न पिता पळत टेकडीला वळसा घालायचा, परत येऊन गच्चीत टांगलेल्या पोत्यावर तुटून पडायचा. तरीही हात शिवशिवत राहिले, तर घरात बायको होतीच.

म्हातारीची लेक नर्स होती. ती फोनवर म्हणाली, "उपाशी पोटी एवढं पळलं की शरीरावर ताण येतो, आई. कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं. काहींची चिडचिड होते. पण चिडचिड वेगळी आणि..."

पुढचं म्हातारीने ऐकलंच नाही. तिचा जीव भांड्यात पडला. लेकरू वाईट नव्हतं, त्याच्या रक्तात काहीतरी चढत होतं.

"खाण्याने जाईल ते," तिने सुनेला सांगितलं.

"मग घाला की खाऊ," सून सुजल्या ओठाने हसली. "माझ्या हाडांपेक्षा केळी स्वस्त."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी त्याच्या आधी उठून ताट घेऊन दारात उभी राहायला लागली. उकडलेली अंडी, पाव, केळं. तो कुरकुरला, पण आईने शपथ घातल्यावर खाऊ लागला. आणि खरंच, घरात आवाज चढेनासा झाला. म्हातारी शेजारणीलासुद्धा ऐटीत सांगायची, सगळा पोटाचा खेळ असतो बाई.

सून मात्र तो घरात असला की अजून भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

"अगं, आता कशाला?"

"राहू द्या, आई. बरं वाटतं."

एका सकाळी तो ताट रिकामं करून, समाधानाने ढेकर देऊन बसला होता. सुनेला वाटलं, हीच वेळ बरी.

"दुकानात मला आता अर्ध्या दिवसाऐवजी पूर्ण वेळ घेतायत. जाईन म्हणते."

"कोणाला विचारून?"

त्याने आवाज चढवला नाही. तोंड पुसलं. उठून खिडकी लावून घेतली. मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि काचेला ओरखडा पडू नये म्हणून नॅपकिनवर ठेवलं. मग तिच्याकडे वळला.

तो शिकवायचा तसाच मारत होता. पाय रोवून, खांदा वळवून, एकही ठोसा वाया न घालवता. सून खुर्चीसकट कोसळली. म्हातारी हात धरायला धावली, तेव्हा त्याने तिला अगदी हळुवारपणे बाजूला केलं.

"आई, लांब हो. लागेल तुला."

मग त्याने घड्याळ बांधलं, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि तो पळायला गेला. जिन्यात शेजाऱ्याशी हसून बोललेलं वरपर्यंत ऐकू आलं.

म्हातारी बराच वेळ टेबलावरच्या टरफलांकडे बघत राहिली. मग तिने कपाटातून सुनेची पिशवी काढली, दोन कपडे कोंबले आणि तिला काखेत धरून उठवलं. नळाशी पोचताच सुनेने ओंजळ पुढे केली. म्हातारीने नळ बंद केला.

"तोंड धुऊ नकोस."

"अहो आई, लोक बघतील."

"बघू देत."

खाली टॅक्सीवाल्याने दोघींकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"हॉस्पिटल?"

"ते नंतर," म्हातारी सुनेशेजारी बसत म्हणाली. "आधी पोलीस चौकी. मी आई आहे त्याची, तक्रारीत त्याचं नाव मलाच लिहून द्यायचंय."