थोरली गळायला लागली

लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी सासूबाईंनी तिला "धाकटे" अशी हाक मारली, आणि ती बिचारी आठवडाभर विचार करत राहिली. एकुलत्या एका मुलाची बायको धाकटी कशी? मग थोरली कोण? नवऱ्याला विचारायचं धाडस होईना. न जाणो, भलतंच काही निघायचं! शेवटी एका सकाळी सासूबाईंनी तिला फाटकाबाहेर नेलं आणि म्हणाल्या, "ही थोरली. तुझ्याआधी एकोणतीस वर्षं आलीय."

ती एक निळी, उघड्या हौद्याची, एक दिवा जरा तिरळा असलेली जुनी गाडी होती. सासूबाईंची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला त्या स्वतःच गाडी हाकायच्या.

धाकटी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून बोलकी झालेली. सासूबाई मात्र माणसांपेक्षा रोपांशी जास्त बोलणाऱ्या. आठ महिन्यांत दोघींचं बोलणं "जेवलीस?" आणि "हो, आई" याच्या फारसं पुढे गेलं नव्हतं.

अशात थोरली गळायला लागली. गाडी उभी राहायची ती शेजारच्या निवृत्त वकिलांच्या भिंतीला लागून. ते रोज गाडीखाली कोरा कागद अंथरायचे आणि डाग पडला की वर तारीख घालून तो यांच्या पत्रपेटीत टाकायचे. सहावा कागद आला तो रविवारी. सासूबाई गाडीखाली शिरल्या, दोन मिनिटांनी बाहेर आल्या आणि बोटाला लागलेलं काळं तेल हुंगून म्हणाल्या, "पिनियनचं सील गेलं."

मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. त्याच्या तोंडाशी इंजिनाकडून येणारा लांब दांडा जोडलेला असतो, आणि त्या तोंडाला आतून जी रबरी कडी असते ते पिनियनचं सील. ते झिजलं की आतलं तेल बाहेर, आणि तेल संपलं की आतले दाते एकमेकांना खायला उठतात. सोमवारी सकाळी टेकडीवरच्या शाळेत चारशे रोपं पोचवायची होती, आणि गाडीचे नेहमीचे मिस्त्री नेमके सासुरवाडीला गेलेले.

त्यांना फोन लावला तर पलीकडून कुजबुज आली. "ताई, हळू बोला. कामाचा फोन घेणार नाही अशी शपथ घातलीय बायकोनं. मी न्हाणीघरात आहे."

"नवं सील आहे माझ्याकडे. मीच बदलते. क्रम तेवढा सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही? एकट्या?"

सासूबाईंनी मागे पाहिलं. मुलगा दारात उभा होता, पण त्याला साधा बल्ब बदलायचा तरी आधी मन घट्ट करावं लागायचं. तेवढ्यात धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "मी आहे ना, आई."

मग काय! पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकनं उचलून खाली लोखंडी टेकू दिले, दोनदा गाडी हलवून पाहिली आणि दोघी चटईवर पाठ टेकून आत सरकल्या. फोन दोघींच्या मधे ठेवला. मिस्त्री कुजबुजत होते, "दांड्याचे चार बोल्ट काढायच्या आधी खूण करा. मधल्या मोठ्या नटाला पण खूण करा. तो परत बरोबर तिथंच यायला हवा. फार आवळलात तर बेअरिंग गेलं."

"खूण कशानं करू?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटीनं बाहेर तोंड काढून नवऱ्याला हाक मारली, "माझं लाल नेलपॉलिश आण!"

नेलपॉलिशच्या चार ठिपक्यांनी थोरलीचं ते काळंकुट्ट तोंड असं काही सजलं, की सासूबाई फिसकन हसल्या. हे हसू धाकटीनं पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्याची लागण व्हायला वेळ लागला नाही. तेवढ्यात फोनमधून दारावर थापा ऐकू आल्या आणि एका बाईचा आवाज, "अहो, कुणाशी बोलताय आत?" मिस्त्री म्हणाले, "कुणाशी नाही, गातोय!" आणि खरंच गायला लागले. गाडीखाली दोघींची अशी मुरकुंडी वळली, की हसता हसता सासूबाईंच्या हातून पान्हा निसटून कपाळाला चाटून गेला, तरी हसू थांबेना.

नट निघाला, चकती निघाली, पण जुनं सील काही निघेना. सासूबाईंनी स्क्रू ड्रायव्हर घातला, शिव्या घातल्या. सील ढिम्म.

"आई, जरा मला द्या. जोर नका लावू. एका बाजूनं थोडं, मग दुसऱ्या बाजूनं थोडं. हिरडी सुटली पाहिजे आधी."

दोन मिनिटं कुरकुर झाली आणि सील टुपकन धाकटीच्या मुठीत आलं. पाठोपाठ उरलेलं तेल सासूबाईंच्या चष्म्यावर!

"चूळ भरा," धाकटी सवयीनं म्हणाली, आणि मग पुन्हा पाच मिनिटं काम बंद.

नव्या सीलला तेलाचं बोट लावून, पाइपच्या तुकड्यानं चारी बाजूंनी हलके ठोकत ते बसवलं. नट ठिपक्याला ठिपका जुळेपर्यंत आवळला, दांडा जोडला, नवं तेल भरलं. सासूबाई एक चक्कर मारून आल्या. दोघी वाकून बघतात तर सीलच्या कडेला पुन्हा एक टपोरा थेंब!

सासूबाई चटईवर बसल्याच. "चुकलं माझं कुठंतरी. आता भंगारात घाला म्हणावं, हिला आणि मला." आवाज अगदी बारीक झाला होता.

"थांबा, आई." ती पुन्हा आत शिरली. तेल भरायचं बूच तिनं जरासं सैल केलं तोच फुस्स करून वारा सुटला. ती ओरडली, "आत कोंडलंय! दाताखालचं गळू असंच असतं. वाट नसेल तर दाबानं मिळेल तिथून बाहेर येतं. हिला श्वास घ्यायला कुठं जागा असते का हो?"

सासूबाई एकदम ताडकन उठल्या. "ब्रीदर! अगं बाई, ब्रीदर!"

गोळ्याच्या वरच्या अंगाला हवा जायला करंगळीएवढी नळी होती. तिच्या तोंडावर कुंभारमाशीनं मातीचं इवलंसं, गुळगुळीत घर बांधून ठेवलं होतं. धाकटी आत पळाली ती दात तपासायची आकडी घेऊनच आली, आणि नळीचं तोंड तिनं असं कोरून काढलं, की एवढी निगा तिच्या कुठल्या पेशंटचीही झाली नसेल. सीलची कड पुसली. पुन्हा चक्कर. पुन्हा वाकून पाहिलं. बोट फिरवलं. कोरडं! ठणठणीत कोरडं!

दोघी रस्त्यातच एकमेकींना मिठी मारून उड्या मारू लागल्या. तेलाचे दोन बोळे नाचताहेत असं वाटावं. नवरा चहाचे कप घेऊन बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

"चहा ठेव झाकून," सासूबाईंनी त्याला सांगितलं आणि किल्ली धाकटीच्या हातात दिली. "चालव."

"मी? आई, एवढी मोठी गाडी मी कधी..."

"मी पण कधीतरी पहिल्यांदाच चालवली होती."

धाकटीनं क्लच सोडला, गाडीनं दोन गचके खाल्ले आणि निघाली. पहिलं वळण आलं तशी ती ओरडली, दुसरं आलं तेव्हा गायला लागली. मिस्त्री न्हाणीघरात गात होते तेच गाणं, तितकंच बेसूर. तिसऱ्या वळणावर घराकडे वळायचं होतं.

"सरळ घे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली, तेलकट हात बाहेर काढून वाऱ्यावर धरला आणि त्याही गायला लागल्या.