यंदा धक्का नाही

आमच्या गाडीले धक्का द्यायची हौस अख्ख्या सौंसरले आहे. दरसाल चौदा एप्रिलले मिरवणूक निघते. समोर आमची पांढरी अँबेसिडर, टपावर फुलांमध्ये बाबासाहेबांची तसबीर, नाकावर जयंती समितीचा फ्लेक्स. अन् दरसाल बाजार चौकात आली की गाडी उकळते. बोनेटमधून वाफ निघते, ढोल थांबते, मंग पोट्टे मागून धक्का मारतात अन् बाबासाहेबांची तसबीर डुलत डुलत समाजभवनापर्यंत जाते. दोन्हीकडचे दुकानदार गल्ला सोडून पाहाले बाहेर येतात. फुकटचा तमाशा कोण सोडते?

चौकात रघुनाथरावांचं कापडाचं दुकान आहे. गाडी थांबली की ते बादली घेऊन हजर. "घ्या भाऊराव, तुमच्या गाडीले तहान लागली!" असं मोठ्यानं म्हणतात. लोक हासतात. माझे बाबाही हासतात, बादली घेतात, अन् वरून "उपकार झाले" म्हणतात. मले तेव्हा असं वाटते की ती बादली उचलून कोणाच्या तरी डोक्यावर ओतावी. अहो, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात आमच्या बाया पायदळ चालून राहिल्या असतात, ओठ सुकून राहिले असतात, त्यायले एका शब्दानं कोणी विचारलं नाही. विचारलं त गाडीले.

बाबा नगरपालिकेत ड्रायव्हर होते. हीच गाडी चालवायचे. मागं साहेब, समोर बाबा. साहेब बदलत गेले, बाबांची पाठ तीच राहिली. गाडी लिलावात निघाली तेव्हा बाबांनी घेतली, अन् वस्तीत आणल्यावर पहिलं काम काय केलं, त आईले मागच्या सीटवर बसवलं. शांताबाई म्हणजे माझी आई, बोलाले कोणाले भ्यायची नाही, पण त्या दिवशी सीटले पाठ टेकवाले भेली. सरकारी सीट आहे, मळंल, म्हणे.

बाबांचा स्वभाव म्हणजे 'जाऊ दे नं'. कोणी पाय तुडवला, जाऊ दे नं. कोणी हासलं, जाऊ दे नं. मी त्यायच्यावर गेली नाही. मी आईवर गेली.

या साली समितीची बैठक झाली अन् मनोहरभाऊनं विषय काढला. मनोहरभाऊ म्हणजे आमचे अध्यक्ष, आमच्याच वस्तीतले, ठेकेदार, अन् पुढच्या इलेक्शनले उभे राहाच्या तयारीत. ते म्हणाले, "भाऊरावजी, गाडी म्हातारी झाली. तसबीर आता माझ्या नव्या पिकअपवर ठेवू. दरसाल ढकलत नेणं बरं दिसत नाही."

मी बाबांकडं पाह्यलं. वाटलं, आता म्हणतात जाऊ दे नं. पण बाबा खाली सतरंजीकडं पाहत राहिले. मले ते सहन झालं नाही.

"एक साल द्या," मी उठून म्हटलं. "यंदा गाडी उकळली त किल्ली मी सोता तुमच्या हातात देते, पुन्हा तसबिरीचं नाव काढणार नाही. अन् नाही उकळली त हा विषय कायमचा बंद."

"प्रज्ञा, बोललीस त पाळजो हं," मनोहरभाऊ हासून म्हणाले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "जीभ लय लांब आहे तुई. आता हातही चालव."

हात माझे चालतात. शेतातल्या जळालेल्या मोटरी मी नव्यानं बांधून देते, चौकाच्या मागंच दुकान आहे माझं. गाडीचं दुखणं मले दिसत होतं. जुन्या गाडीचा पंखा इंजनाच्या पट्ट्यावर फिरते. इंजन जोरात त पंखा जोरात, इंजन हळू त पंखाही झोपेत. मिरवणुकीत गाडी माणसाच्या पायापेक्षा हळू चालते, तिले वारा कुठून मिळंल? तिथं पाहिजे विजेवरचा पंखा. त्याले इंजनाशी घेणं-देणं नाही. पाणी तापलं की सुरू, थंडावलं की बंद.

पांढुर्ण्याले माझा मामेभाऊ आशिष आहे, गॅरेज आहे त्याचं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तो आमच्यासोबत जरा अकडूनच बोलते. "सौंसरले काही मिळत नाही नं? शेवटी जिल्ह्याच्याच ठिकाणी या लागते!" म्हणे. पण पोरगा कामाचा. एका भंगारातल्या लहान कारचा पंखा काढून दिला, तापमान पाहून चालू-बंद होणारा स्विच दिला, पंख्याचा भार झेलणारा रिले दिला. "वायर जाड घेजो," त्यानं बजावलं, "अन् फ्यूज टाकल्याशिवाय बटण दाबू नको. नाहीत घरी पायदळ येशील."

बाबांना जुना पंखा काढवत नव्हता. कंपनीनं काही विचार करूनच दिला असंल, म्हणे. बोल्ट मी खोलले, पंखा हातात त्यायनं घेतला, पुसला, अन् कापडात गुंडाळून घरात ठेवला. जशी काही माहेरवाशीण. मंग रेडिएटरच्या मागं लोखंडी पट्ट्या मारून नवा पंखा बसवला. वायरी बाबांनी जोडल्या. डॅशबोर्डवर मी एक लहान निळा दिवा लावला, पंखा फिरला की पेटणारा.

पंखा बरोबर ओढून राहिला का नाही, हे पाहाची सोपी रीत आहे. गाडीच्या नाकासमोर कागद धराचा. हवा आत ओढल्या जात असंल त कागद जाळीले चिकटते. बाबा वर्तमानपत्र धरून उभे राहिले, मी पंखा सुरू केला, अन् पेपर सरळ त्यायच्या तोंडावर! पंखा उलटा फिरून राहिला होता. आई ओट्यावरून म्हणाली, "वाचून घ्या बातम्या." दोन वायरी उलटवल्या, तसा पेपर जाळीले असा चिकटला की ओढून काढा लागला. बाबांनी तीन-चारदा लावून पाह्यला. मी म्हटलं पुरे, त म्हणे, थांब, अजून एकदा.

शनिवारी आम्ही गाडी जामसांवलीले नेली. देवदर्शनाले नाही, गर्दीले. शनिवारी हनुमानाच्या रस्त्यावर नागपूरच्या गाड्यांची अशी रांग लागते की मुंगीही पुढं जाईल. भर दुपारी त्या रांगेत आम्ही घुसलो. निळा दिवा पेटला, विझला, पेटला, विझला. तापमानाचा काटा मधातच. बाबा स्टिअरिंगवर बोटं वाजवून राहिले होते. नोकरीत त्यायनं असं कधी केलं नसंल.

चौदा तारखेले बाबांनी पांढरा कडक शर्ट घातला. आई मागच्या सीटवर, मी समोर बाबांच्या बाजूले, डोळे काट्यावर. मनोहरभाऊनं फ्लेक्स आणला. बाप्पा, काय तो फ्लेक्स! कोपऱ्यात बाबासाहेब एवढेसे, अन् बाकी सारा मनोहरभाऊ, हात जोडून. दरसालपेक्षा दुप्पट मोठा. कार्यकर्त्यांनी तो गाडीच्या नाकावर वरून-खालून दोऱ्या ताणून बांधला. मी तसबीर बांधाच्या गडबडीत होती, लक्ष गेलं नाही.

वस्तीतून निघालो. जयभीमचा गजर, निळे झेंडे, समोर लेझीम. पहिल्या वळणावर निळा दिवा पेटला. मी खुश. मंग पाह्यलं त दिवा विझतच नव्हता. पंखा फिरून राहिला अन् काटा वर चढून राहिला. बाजार चौक समोर दिसून राहिला होता. बाबांच्या कपाळावर घाम आला.

"पंखा बंद पडला का?" बाबांनी हळूच विचारलं.

"गाडी इथंच थांबवा. इंजन बंद करू नका," असं म्हणून मी उतरली. समोर जाऊन पाह्यलं अन् डोक्यात लख्ख उजेड पडला. पंखा आपलं काम करून राहिला होता. फ्लेक्स त्यानं असा आत ओढला होता की मनोहरभाऊचे दोन्ही गाल जाळीत घुसले होते. वर्तमानपत्राचीच गत! हवा जायले बोटभर फट नव्हती. म्हणजे इतके साल हेच. गाडी उकळते, गाडी म्हातारी, गाडी भंगार, अन् नाक आपणच दाबून धरलेलं!

मी पक्कड काढली अन् वरची दोरी कापली.

"ए, ए, काय करून राहिली?" मनोहरभाऊ धावत आले. "समितीचा फ्लेक्स आहे तो!"

"गाडीची हवा बंद होऊन राहिली."

"एवढी काय हवा लागते गाडीले?"

"तुमच्या डोक्यात गेली तेवढी नाही लागत, मनोहरभाऊ. थोडीशीच लागते."

लेझीमवाल्या पोरी फिदीफिदी हासल्या. मनोहरभाऊचा चेहरा लाल झाला. ते खिडकीशी गेले. "भाऊरावजी, पोरीले आवरा. नाहीत पुढच्या सालचं मले काही सांगता येणार नाही. सांगा तिले."

 मनोहरभाऊले मी भेली नाही, 'जाऊ दे नं'ले भेली. बाबांनी मुंडकं बाहेर काढलं, माझ्याकडं पाह्यलं.

"सांगतो," बाबा म्हणाले. "प्रज्ञा, खालची दोरीही काप."

कापली. फ्लेक्सची गुंडाळी केली अन् मनोहरभाऊच्या हातात इज्जतीनं दिली. गाडीत येऊन बसली त काटा एक-एक रेघ उतरून राहिला होता. थोड्या वेळानं निळा दिवा विझला. मले रडू आलं, मी ते येऊ दिलं.

बाजार चौक आला. दरसालची जागा आली तशी मागच्या पोट्ट्यांनी सवयीनं डिक्कीले हात लावले. मी खिडकीतून ओरडली, "हात काढा! कोणी धक्का मारणार नाही. बाबासाहेब आज आपल्या ताकदीवर चालले आहेत!"

हात निघाले. दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले होते. वाफ नाही, काही नाही. रघुनाथराव बादली घेऊन पायरीवर उभे होते, तोंडाशी आलेलं वाक्य तोंडातच राह्यलं. मले वाटलं बाबा सरळ निघून जातील. पण त्यायनं गाडी बरोबर दुकानासमोर उभी केली अन् उतरले. इंजन सुरूच.

"घ्या भाऊराव," रघुनाथराव कसेबसे म्हणाले अन् बादली समोर केली.

"गाडीले नको," बाबा म्हणाले. "मले पाहिजे."

"घ्या नं मंग."

"बादलीतलं नाही. तुम्ही पेता त्या गिलासात द्या."

ढोल आपोआप थांबला. पंखा तेवढा ऐकू येत होता. रघुनाथरावांनी बादलीकडं पाह्यलं, बाबांकडं पाह्यलं, टपावरच्या तसबिरीकडं पाह्यलं. मंग बादली खाली ठेवली, दुकानात गेले, अन् गल्ल्याजवळच्या मडक्यातून आपला स्टीलचा गिलास भरून आणला.

बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. वरून धार धरून नाही, तोंड लावून पेले. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मंग गिलास परत दिला अन् गाडीचं मागचं दार उघडलं. आत आई बसली होती, पाठ सीटले टेकवून.

"आता हिले द्या," बाबा म्हणाले. "याच गिलासात."