नळीतल्या भेगा

लोरेटा तिची रायफल विकतेय, ही बातमी ब्रॉडीने घरात आणली तेव्हा सिग्ने लेकीच्या हनुवटीवरचा सफरचंदाचा गर पुसत होती. पुसता पुसता हात जरा जोरात पडला आणि पर्लने भोकाड पसरलं.

"लोरेटा म्हणते, तुला हवी असेल तर दुसऱ्या कुणाला दाखवणारसुद्धा नाही," ब्रॉडी बूट काढता काढता म्हणाला.

लोरेटा म्हणते! गेलं वर्षभर या घरातलं निम्मं बोलणं याच दोन शब्दांनी सुरू होत होतं. लोरेटा म्हणते, बर्फ पडायच्या आधी टायर बदल. लोरेटा म्हणते, कॉफीत चिमूटभर मीठ टाकलं की कडूपणा मरतो. सिग्नेने एकदा गुपचूप टाकून पाहिलं होतं. कडूपणा खरंच मेला, म्हणून तर ती जास्तच चिडली होती.

ही लोरेटा धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायची. अडतीस वर्षांची, नवऱ्यापासून सुटलेली, पाठीवर जाडजूड वेणी, आणि चालणं असं की मोन्टानाचं सगळं माळरान हिच्याच नावावर आहे. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत ब्रॉडीची ती जोडीदारीण. जोडीच्या स्पर्धेत एकाने गोळी झाडायची आणि दुसऱ्याने शेजारी पालथं पडून वारा सांगायचा. किती आहे, कुठून आहे, नेम किती सरकवायचा, हे सगळं हलक्या आवाजात, कानाशी.

कानाशी! आधी हे काम सिग्नेचं होतं. पर्ल पोटात आली तशी तिने मैदान सोडलं. एक तर तो दणका, आणि वर बारुदाच्या धुरातलं शिसं. पुढे अंगावरचं दूध होतं, तेव्हाही नको. मैदानावरून आलेला ब्रॉडी अजूनही गॅरेजमध्येच कपडे उतरवून, गार पाण्याने हात धुऊन मगच लेकीला उचलायचा; तसा सिग्नेचा दंडकच होता. आता दूध तुटलं होतं, पण मैदानावरची तिची जागा काही रिकामी राहिली नव्हती.

"घ्यायचीच असं नाही," ब्रॉडी म्हणाला. "शनिवारी जाऊन बघू. तूही चल. नळीतलं तुला जितकं कळतं तितकं मला नाही कळत."

हे मात्र खरं होतं. सिग्नेचा बाप आयनार, जन्मभर रायफलींना नळ्या बसवायचं काम करत आलेला. त्याच्या दुकानात लोखंडाच्या किसावर रांगत ती मोठी झाली होती.

"येते की," सिग्ने म्हणाली. मनात तिचं ठरून गेलं होतं. बाई मैदानावर आहे तेवढी पुरे, बाईची रायफल घरात नको. रोज संध्याकाळी नवरा त्या लाकडी दस्त्यावर गाल टेकणार, जिथे लोरेटाचा गाल टेकत होता. छे!

शनिवारी लोरेटाने दार उघडलं ते पिठाच्या हातांनी. "ये गं सिग्ने. आणि ही कोण, ही तर अख्खी बाई झाली की! अगं, घाबरू नकोस, पोर येणार म्हणून बोल्ट काढून फ्रिजच्या वर ठेवलाय."

सिग्नेने फ्रिजकडे पाहिलं. होता. गोळी आत ढकलणारा हा बोल्ट काढला की रायफल म्हणजे नुसता लोखंडी दांडा. आपण सांगायच्या आधी हिने ते केलं, याचाही तिला राग आला. टेबलावर रुबार्बच्या वड्या होत्या, कॉफी होती, आणि जुन्या टॉवेलवर ती रायफल. दस्त्याचा रंग गालाच्या जागी घासून उडालेला, बाकी सगळं कसं लख्ख. ब्रॉडी रायफलीकडे असा बघत होता की सिग्नेने वडी तोंडात घातली आणि चव न कळताच गिळली.

"कॅमेरा आणलायस ना?" ब्रॉडीने विचारलं.

बापाकडचा तो बारीक कॅमेरा सिग्नेने पिशवीतून काढला, वायर फोनला जोडली आणि मागच्या तोंडातून नळीत सरकवला. ब्रॉडी खांद्यावरून वाकला. पडद्यावर नळीचा तळ उमटला. गोळी जिथून सुटते ती जागा उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी तडकलेली, भेगाच भेगा.

"अरे देवा," ब्रॉडी म्हणाला.

सिग्नेला हसूच आलं असतं एरवी. आग खाल्लेल्या नळीत भेगा नसतील तर कुठे असतील? आयनार म्हणायचा, बारुदाने मारल्या नसतील इतक्या नळ्या या कॅमेऱ्याने मारल्या. लोक आत बघतात, भितात आणि चांगली नळी काढून फेकतात. भेगांच्या पुढे गोळीला फिरकी देणारे आटे किती शाबूत आहेत ते बघायचं असतं. तिने कॅमेरा बोटभर पुढे सरकवला. आटे धारदार होते. तिने कॅमेरा मागे घेतला आणि पुन्हा भेगांवर आणून ठेवला.

"संपली का गं?" ब्रॉडीने हळूच विचारलं.

"मला काय विचारतोस?" सिग्ने म्हणाली. "दिसतंय ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे."

खोटं असं ती काहीच बोलली नव्हती.

ब्रॉडीने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लोरेटा, राग मानू नकोस. पण राहू दे."

"राग कसला?" लोरेटा म्हणाली, आणि चक्क तिचा चेहरा उजळला. "उलट सुटले बघ मी. भाऊ मागे लागलाय, अलास्कात ये, त्याच्या बोटींचं ऑफिस सांभाळ म्हणून. माझं काही ठरेना. शेवटी म्हटलं, रायफल गेली तर मीही जाईन, राहिली तर मीही राहीन. राहिली! आता जूनमध्ये वायोमिंगची ती जोडीची स्पर्धा आहे ना, तीन दिवसांची? नाव देऊन टाकते आपलं."

"देऊन टाक!" ब्रॉडी म्हणाला. रायफलीचं दुःख त्याच्या तोंडावरून पुसलंही गेलं होतं.

सिग्नेने वड्यांची बशी दूर सारली. तीन दिवस! म्हणजे मधे दोन रात्री, तंबू कुठे, जेवण कुठे. जी बाई आपल्या पायांनी निघाली होती तिला आपणच खुर्ची ओढून बसवलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा.

"एक मिनिट," ती म्हणाली. "न झाडता नाही कसं म्हणायचं? माझे बाबा कागदावर नेम बघितल्याशिवाय नळीला नावं ठेवायचे नाहीत."

"आत्ताच तर तू..." ब्रॉडी म्हणाला.

"मी काही म्हटलं नाही. तू म्हणालास. मी झाडते."

"तू?"

"का? विसरले असेन असं वाटतं?"

लोरेटाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, फ्रिजवरचा बोल्ट काढला आणि जॅकेट चढवलं.

तिच्या गोठ्यामागे जमीन उतरत नाल्यात जायची आणि पलीकडच्या चढावर पोलादी पाटी टांगलेली होती, इथून पाहिली तर नखाएवढी. पर्लच्या कानांवर गुलाबी मफ चढवून ब्रॉडी तिला घेऊन पिकअपमध्ये काचा वर करून बसला. मफ नीट बसलेत ना हे बघायला सिग्ने दोनदा मागे जाऊन आली. मग चटईवर पालथी पडली. गाल दस्त्यावर टेकला, रंग उडालेल्या त्याच जागी. अंगातून काहीतरी सळसळत गेलं आणि तिला कळलं, इतके महिने आपण कशावर जळत होतो. नवऱ्यावर, हो, पण या चटईवरही.

शेजारी लोरेटा पडली, डोळा स्वतःच्या दुर्बिणीला. वेणी सिग्नेच्या कोपराला लागली. साबणाचा वास आला, आणि मग तो आवाज, हलका, कानाशी.

"वारा डावीकडून. पाटी सोडून बाहेर धर, डावीकडे, अर्धी पाटी."

अशीच बोलत असेल ही ब्रॉडीशी, सिग्नेच्या मनात आलं. तिच्यासमोरचं गवत तर धड हलतही नव्हतं. अर्धी पाटी बाहेर? चुकवतेय मला ही. रायफल विकायची नाही ना आता हिला! सिग्नेने नेम पाटीच्या आतच, डाव्या कडेला धरला आणि चाप ओढला.

पाटीच्या उजवीकडे मातीचा फुगारा उडाला.

पिकअपची काच खाली आली. "बघ!" ब्रॉडी ओरडला. "नळीच गेलीय तिची!"

लोरेटा दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली, "मधल्या नाल्यातून वारा वाहतो. इथून दिसत नाही. मी इथे सात हिवाळे काढलेत."

आता गप्प राहिलं तर संपलंच. नळी गेली, सौदा मोडला, आणि जूनमध्ये तो हलका आवाज ब्रॉडीच्या कानाशी. सिग्नेने डोळे मिटले, उघडले.

"नळी नाही गेली," ती मोठ्याने म्हणाली. "हिने सांगितलं ते मी ऐकलं नाही."

मग तिने ऐकलं. अर्धी पाटी बाहेर. श्वास सोडला, चाप ओढला, आणि थोड्या वेळाने नाल्यावरून टण्ण असा आवाज तरंगत आला. पुन्हा बोल्ट, पुन्हा टण्ण. चौथ्या गोळीला लोरेटा म्हणाली, "वारा पडला, नेम आत घे," आणि सिग्नेने आत घेतला. टण्ण.

ब्रॉडी लेकीला कडेवर घेऊन चालत आला. "मग त्या भेगा गं?"

"भेगा सगळ्याच नळ्यांत असतात."

"आणि तुला ते तेव्हाच माहीत होतं."

"हो."

लोरेटा चटईवरची रिकामी काडतुसं वेचत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "घेताय का मग? घेत असाल तर भावाला आजच फोन करते. तो फोन करायचा मला कंटाळा आलाय नुसता."

"घेतो," सिग्ने म्हणाली. ब्रॉडीने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

रायफल पेटीत ठेवताना लोरेटा सिग्नेला बाजूला घेऊन म्हणाली, "ब्रॉडीला शेवटच्या गोळीला घाई होते. 'थांब' म्हणून सांगावं लागतं."

"माहीत आहे," सिग्ने म्हणाली. माहीत नव्हतं. तिला वाटलं, ही बाई अलास्कात गेली तरी तिथून जाळत राहणार.

परतीच्या रस्त्यावर ब्रॉडीने आरशातून मागे पाहिलं. पर्ल मागे झोपली होती.

"एवढी जळत होतीस?" त्याने विचारलं.

"हो."

"लोरेटावर? अगं, ती मला भावाच्या जागी..."

"ते मला नको सांगूस. जळत होते ते तुला वारा कोण सांगतं यावर."

त्याने एक वळण घेतलं, मग दुसरं. "मग वायोमिंगला माझ्या शेजारी कोण?"

"मी."

"आणि पर्ल?"

"तुझ्या आईकडे."

"तू? पर्लला? आईकडे? तीन दिवस?" एरवी सासूकडे लेकीला ठेवून सिग्ने साधी किराण्यालाही जात नसे. ब्रॉडीला हसू दाबवेना. "बघ हं. लोरेटा अजून गेली नाहीये."

सिग्नेने मागे वळून पाहिलं. पर्लचं डोकं एका बाजूला कललं होतं, ओठ उघडे. तीन दिवस. पडली तर, ताप आला तर, रात्री उठून शोधलं तर. गावाची पाटी मागे गेली, पेट्रोल पंप गेला.

"ठेवीन," ती म्हणाली. आणि ब्रॉडी काही बोलायच्या आत विचारलं, "तुझ्या आईकडे जिन्याला खालून फाटक आहे का रे? आणि वरून?"